सौरवीज संशोधन: विक्रम कार्यक्षमतेचे, प्रश्न टिकण्याचा

प्रकाशवेध

सौरघटांवरच्या (सोलर सेल) कुठल्याही व्याख्यानात एक आलेख हमखास दिसतो. अमेरिकेतल्या एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेने जपलेला, १९७६ पासूनच्या विक्रमी कार्यक्षमतांचा, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती टक्के भाग घट विजेत बदलतो त्याचा. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर टक्के, आणि वेगवेगळ्या पदार्थांच्या रंगीत रेषा वर चढत गेलेल्या. जगभरातलं सौर संशोधन कुठे चाललंय हे त्यावरून बरंच कळतं. पण तो घट पुढे किती वर्षं चालला, हे त्यावर कुठेच नाही. माझ्या मते येत्या दहा-पंधरा वर्षांतलं महत्त्वाचं काम या न दाखवलेल्या गोष्टीवर व्हायला हवं, आणि आज तिथे पुरेशी माणसं नाहीत. म्हणून हा धागा.

आधी सिलिकॉन. १९५४ साली बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी दाखवलेला घट सुमारे ६ टक्क्यांचा होता. १९६१ मध्ये शॉकली आणि क्वायसर यांनी हिशोब मांडला, की एकाच पदार्थाचा घट एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही. आजच्या आकडेमोडीप्रमाणे ती मर्यादा ३३ टक्क्यांच्या थोडी पुढे आहे. सिलिकॉनसाठी ती आणखी खाली, २९.४ टक्क्यांच्या आसपास येते. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने २० टक्के गाठले आणि शतक संपेपर्यंत २५ च्या जवळ नेले. २०१७ मध्ये जपानच्या कानेका कंपनीचा २६.७, २०२२ च्या अखेरीस चीनच्या लोंगीचा २६.८१ आणि २०२५ मध्ये त्यांचाच २७.८१. म्हणजे पंचवीस वर्षांत जेमतेम तीन टक्के. आता पुढे दीड टक्काच उरला आहे, आणि तोही पूर्ण मिळणार नाही.

म्हणून सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे वळलं. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकरचनेचा पदार्थ वापरून ३.८ टक्क्यांचा घट केला. द्रवरूप इलेक्ट्रोलाइट (वीजवाहक द्रावण) वापरलेला तो घट फार थोडा वेळ टिकायचा. २०१२ मध्ये स्नेथ, तसंच पार्क आणि ग्रेट्झेल यांच्या गटांनी तो घनरूपात आणला, आणि त्यानंतर जे झालं तसं या क्षेत्रात आधी कधी झालं नव्हतं. सिलिकॉनला जो पल्ला गाठायला साठ वर्षं लागली तो या पदार्थाने पंधरा वर्षांत गाठला. आज एकट्या पेरोव्हस्काइटचे घट २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवलेल्या टँडेम घटाचा विक्रम २०२५ मध्ये ३४.८५ टक्क्यांवर गेला, म्हणजे शॉकली-क्वायसर मर्यादेच्याही वर. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, खालचं सिलिकॉन तांबडा आणि अवरक्त. काम वाटून घेतल्यामुळे एकाच पदार्थाची मर्यादा इथे लागू होत नाही.

संशोधन कोण करतं, हेही बदललं. विसाव्या शतकात अमेरिका, जपान, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया ही मुख्य नावं. आज शोधनिबंधांच्या संख्येत चीन सगळ्यांच्या बराच पुढे आहे आणि पॅनेलच्या उत्पादनात, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार, प्रत्येक टप्प्यावर त्याचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त. विक्रमही विद्यापीठांकडून कंपन्यांच्या प्रयोगशाळांकडे सरकलेत. प्रयोगशाळा ते कारखाना हे अंतरही कमी झालंय. पर्क (मागच्या बाजूला संरक्षक थर दिलेला सिलिकॉन घट) या रचनेचा गाजलेला निबंध १९८९ चा, पण तो सर्रास बनायला २०१० नंतरचं दशक उजाडलं. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने टॉपकॉन ही सिलिकॉन घटाची पुढची रचना २०१३ च्या सुमाराला मांडली आणि दहा-अकरा वर्षांत ती बाजारातली मुख्य रचना झाली.

आता माझा मुद्दा. एक साधं गणित करून बघा. एक पॅनेल ३० टक्क्यांचं, पण दरवर्षी ३ टक्क्यांनी झिजणारं. दुसरं २२ टक्क्यांचं, दरवर्षी अर्धा टक्का झिजणारं. (अर्धा टक्का हा आकडा हवेतला नाही. शेतात, छपरांवर वर्षानुवर्षं चाललेल्या सिलिकॉन पॅनेलांच्या नोंदींचा मध्यक साधारण तेवढाच येतो.) बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरं पॅनेल पहिल्याला गाठतं. पंचवीस वर्षांच्या एकूण विजेची बेरीज केली तर दोन्ही जवळजवळ सारखी, पहिलं जेमतेम तीन टक्क्यांनी पुढे. तीस वर्षांची केली तर दुसरं पुढे. आठ टक्क्यांची आघाडी, जी मिळवायला हजारो संशोधकांची दहा-पंधरा वर्षं खर्ची पडली, ती झीज आटोक्यात नसेल तर वाहून जाते.

पेरोव्हस्काइटवर दरवर्षी हजारो शोधनिबंध येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या शीर्षकात किंवा सारांशात कार्यक्षमतेचा आकडा असतो. टिकण्याचा आकडा असला तर ‘अमुक शे तासांनंतर ९० टक्के शिल्लक’ अशा स्वरूपात, आणि कोणत्या तापमानाला, किती आर्द्रतेत, उजेडात की अंधारात, हे शोधायला आतली पानं चाळावी लागतात. जाणकारांनी भर घालावी.

---

चौकस

छान लेख, सलग वाचला. एक प्राथमिक शंका. पेरोव्हस्काइट खराब होतो म्हणजे नक्की काय होतं? गंजतो का?

---

निळाई

@चौकस, मी याच पदार्थावर पीएचडी करते आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

गंजण्यापेक्षा विरघळणं आणि सरकणं जास्त. सिलिकॉनचा स्फटिक अणूंच्या घट्ट बंधांचा असतो, तो बनवायला हजार अंशांच्या वरच्या भट्ट्या लागतात. पेरोव्हस्काइट आपण द्रावणातून, शंभर-दीडशे अंशांवर बनवतो. बनवायला सोपा, म्हणूनच मोडायलाही सोपा. त्यातले आयोडाइडचे आयन (विद्युतभारित अणू) जागेवर बसत नाहीत. प्रकाश पडला, व्होल्टेज आलं, की ते हळूहळू सरकतात, थेट धातूच्या इलेक्ट्रोडपर्यंत जातात आणि त्याच्याशी अभिक्रिया करतात. पाणी लागलं तर स्फटिकच सुटा होतो आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं.

सुरुवातीच्या घटांच्या स्फटिकात मिथाइलअमोनियम हा सेंद्रिय घटक असायचा, तो उष्णतेने उडून जायचा. आता बहुतेक गट फॉर्मामिडिनियम आणि सिझियमकडे वळलेत. हा मोठा बदल होता. टँडेममध्ये मात्र वेगळीच अडचण. सिलिकॉनशी जुळवायला वरच्या थराचा बँडगॅप (प्रकाश टिपायला लागणारी किमान ऊर्जा) वाढवावा लागतो, त्यासाठी आयोडीनच्या जोडीला ब्रोमीन घालतात. २०१५ मध्ये होक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उजेड पडल्यावर हे दोन घटक वेगळे होऊन आयोडीनचे आणि ब्रोमीनचे स्वतंत्र पट्टे तयार होतात. अंधारात ठेवलं की पुन्हा मिसळतात! म्हणजे दिवस-रात्रीच्या चक्रात घट वेगळा वागतो आणि सतत दिव्याखाली ठेवल्यावर वेगळा. त्यामुळे प्रयोगशाळेत हजार तास अखंड दिवा लावून काढलेला आकडा बाहेरच्या उन्हातल्या वागण्याबद्दल फार थोडं सांगतो.

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काम थरांच्या सीमांवर झालंय. एका रेणूच्या जाडीचा, आपोआप रचला जाणारा थर धनभार वाहून नेण्यासाठी वापरतात. टँडेमचे अलीकडचे विक्रम बऱ्याच अंशी त्यावर उभे आहेत. मला व्यक्तिशः ते काम फार सुंदर वाटतं, कारण त्यात कार्यक्षमता आणि टिकाऊपणा दोन्ही एकाच जागी सुधारतात. दोष बहुतेक सीमेवरच असतात आणि झीजही तिथूनच सुरू होते.

मूळ लेखातल्या मुद्द्याशी सहमत. एवढंच सांगते की टिकाऊपणाचा एक प्रयोग महिने घेतो, कधी वर्ष. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली असते. त्यामुळे विद्यार्थी कोणता प्रयोग निवडेल हे विषयापेक्षा वेळापत्रक ठरवतं.

---

स्पष्टवक्ता

मला मूळ प्रश्नच पटत नाही. १९७७ च्या सुमाराला पॅनेल वॅटमागे ७५ डॉलरच्या आसपास होतं, आज जागतिक बाजारात १५ सेंटच्याही खाली आलंय. आयरेना या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१० ते २०२३ मध्ये सौरविजेचा सरासरी खर्च सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. इतकं स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन हातात असताना ३० टक्क्यांचं पॅनेल हवंय कोणाला? हा पैसा साठवणुकीवर आणि ग्रिडवर लावा. २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सौरविजेचा वाटा ७ टक्क्यांच्या जवळ होता. तो ३० वर न्यायचा तर अडचण दुपारी जास्त झालेल्या विजेची आहे, पॅनेलच्या कार्यक्षमतेची नाही.

---

प्रकाशवेध

@स्पष्टवक्ता, अर्धा मुद्दा मान्य आहे. पण पॅनेल स्वस्त झालं म्हणूनच कार्यक्षमता जास्त महत्त्वाची झाली. आता एकूण खर्चात पॅनेलचा वाटा लहान झालाय. उरलेला खर्च सांगाडा, काच, तारा, जमीन, मजुरी यांचा, आणि त्यातला बराचसा क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. तेवढ्याच जागेतून दीडपट वीज मिळाली तर हे सगळे खर्च दर वॅटमागे तेवढे कमी होतात. सेल अगदी फुकट दिला तरी कमी कार्यक्षमतेचं पॅनेल महाग पडू शकतं. पातळ पडद्याचे (काचेवर पदार्थाचा पातळ थर चढवलेले) घट बनवणाऱ्या अनेक कंपन्या २०१० च्या आसपास बंद पडल्या त्याचं एक कारण हेच होतं.

ग्रिडबद्दल तुमच्याशी वाद नाही. तिथलं संशोधनही वाढतंय. आजवरचे बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे चालणारे होते. ग्रिडची वारंवारता बघायची आणि त्याप्रमाणे वीज सोडायची. मोठी फिरती जनित्रं कमी झाल्यावर ती वारंवारता धरून ठेवणार कोण? म्हणून स्वतः ग्रिड उभं करणारे इन्व्हर्टर हा आज वीज-अभियांत्रिकीतला मोठा विषय आहे. तो स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहे, तुम्ही लिहाल का?

---

स्पष्टवक्ता

लिहीन. क्षेत्रफळाचा मुद्दा पटला. पण मग तुमचंच गणित घ्या: ३ टक्के झीज असेल तर तो फायदाही जातो. म्हणजे आपण एकाच ठिकाणी येतो.

---

काचघर

मी पॅनेलांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात आहे. धाग्यातल्या एका गृहीतकाकडे लक्ष वेधायचं आहे, कारण त्याने गणित बदलतं.

अर्धा टक्का झीज हा आकडा ज्या पॅनेलांवरून आला ती कोणती होती? वीस-पंचवीस वर्षं उन्हात राहिलेली, म्हणजे जुन्या रचनेची. मागे अॅल्युमिनियमचा थर, पुढे जाड काच, मागे प्लास्टिकची शीट. आज बनणाऱ्या पॅनेलांत जवळपास प्रत्येक घटक बदललाय. घट टॉपकॉन किंवा हेटरोजंक्शन (सिलिकॉनच्या दोन वेगळ्या रूपांचे थर जोडलेले). सिलिकॉनची चकती पातळ. पॅनेलचा आकार मोठा. काच दोन्ही बाजूंना, पण फक्त २ मिलिमीटरची, जिला पूर्ण टेंपर करणं (तापवून-थंड करून मजबूत करणं) अवघड असतं. चिकटवणारा पॉलिमर वेगळा. अशा पॅनेलांचा पंचवीस वर्षांचा अनुभव जगात कोणाकडेच नाही, कारण ती पंचवीस वर्षांपूर्वी नव्हतीच. सिलिकॉनचा टिकाऊपणा सुटलेला प्रश्न आहे असं धरून चालणं धोक्याचं वाटतं.

प्रत्यक्ष उदाहरणं देतो. नव्या घटांत अतिनील किरणांमुळे होणारी झीज हा सध्या विश्वासार्हतेच्या परिषदांमधला सगळ्यात गरम विषय आहे. जुन्या घटांत ती इतकी त्रासदायक नव्हती. दुसरं, पातळ काचेची पॅनेलं कोणताही आघात नसताना तडकल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत आणि एनआरईएलनेही त्यावर लिहिलंय. तिसरं जरा जुनं: बोरॉन घातलेल्या सिलिकॉनमध्ये ऑक्सिजनशी जोडी जमून पहिल्या काही उन्हांतच कार्यक्षमता घसरायची. ते कोडं उलगडायला दशकं गेली, आणि शेवटी बोरॉनऐवजी गॅलियम वापरून उद्योगाने ते बहुतांशी मागे टाकलं. हा संशोधनाचा खरा विजय होता, पण विक्रमांच्या आलेखावर तो दिसत नाही.

चाचण्यांबद्दल थोडं. आयईसी ६१२१५ या पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. उणे ४० ते अधिक ८५ अंश अशी २०० चक्रं देतात. हजार तास म्हणजे जेमतेम बेचाळीस दिवस. ही चाचणी सदोष उत्पादन बाहेर काढण्यासाठी आहे. त्यात उत्तीर्ण म्हणजे पंचवीस वर्षं टिकणार, असा अर्थ मानक लिहिणाऱ्यांनीही कधी काढलेला नाही. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत मात्र तो सर्रास काढला जातो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

---

चौकस

हे नवीनच कळलं. मग पेरोव्हस्काइटसाठी वेगळं मानक आहे का?

---

निळाई

@चौकस, मानक म्हणावं असं नाही, पण सर्वसंमत पद्धती आहेत. सेंद्रिय घटांसाठी २०११ मध्ये आयएसओएस नावाच्या पद्धती ठरल्या होत्या. २०२० मध्ये खूप मोठ्या संशोधकसमूहाने मिळून त्या पेरोव्हस्काइटसाठी वाढवल्या. त्यात अंधारातली, उजेडातली, दिवस-रात्र चक्राची आणि बाहेरची अशा वेगळ्या पातळ्या आहेत. निबंधात पातळीचं नाव आलं की वाचणाऱ्याला दोन निकालांची तुलना करता येते. वापर वाढतोय, पण सगळे करत नाहीत.

काचघर यांचा प्रतिसाद मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. आम्ही टँडेमच्या वरच्या थराचीच काळजी करत होतो, खालचा पाया पक्का धरून.

---

प्रकाशवेध

काचघर, हा मुद्दा फार मोलाचा. मूळ गणितात दुसऱ्या पॅनेलची झीज अर्ध्याऐवजी एक टक्का धरली तर चित्र बरंच वेगळं दिसतं, आणि मग कोणत्याच बाजूकडे खात्रीचा आकडा उरत नाही. न दाखवलेला अक्ष मी नव्या पदार्थांपुरता मांडला होता, तो जुन्यालाही लागू होतो.

---

धातुकोश

एवढ्या चर्चेत कच्च्या मालाचं नाव नाही म्हणून लिहितो.

जगातली एकूण सौरक्षमता २०२२ मध्ये १ टेरावॅटपुढे (दहा लाख मेगावॅट) गेली आणि दुसरा टेरावॅट २०२४ मध्येच पूर्ण झाला. पहिल्याला जवळपास सत्तर वर्षं, दुसऱ्याला अडीच. या वेगाने पदार्थ पुरवायचे तर प्रत्येक मिलिग्रॅम मोजावा लागतो. सगळ्यात मोठी अडचण चांदीची. सेलच्या पुढच्या बारीक रेषा चांदीच्या पेस्टने छापलेल्या असतात. जगातल्या चांदीच्या एकूण मागणीपैकी साधारण सहावा हिस्सा आता सौरघटांकडे जातो. टॉपकॉन आणि हेटरोजंक्शन यांना पर्कपेक्षा जास्तच चांदी लागते. म्हणून तांब्याचं विलेपन, तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली पेस्ट, रेषा आणखी बारीक छापणं यांवर कंपन्यांच्या प्रयोगशाळा तुटून पडल्या आहेत. तांब्याची भीती एकच: ते सिलिकॉनमध्ये शिरलं तर घट मारतं. त्यामुळे मध्ये अडसर म्हणून निकेलसारखा थर लागतो. इथेही प्रश्न शेवटी टिकण्याचाच.

सिलिकॉनची बचत मात्र कौतुकास्पद झाली. वीस वर्षांपूर्वी वॅटमागे सुमारे १६ ग्रॅम लागायचं, आज २ ग्रॅमच्या आसपास. हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने कापायला लागल्यापासून भुकटीत जाणारा मालही कमी झाला.

कॅडमियम टेल्युराइडच्या घटांनी प्रयोगशाळेत २३ टक्क्यांपर्यंत मजल मारली आहे आणि ते मोठ्या प्रमाणावर विकले जाणारे एकमेव पातळ पडद्याचे घट आहेत. पण टेल्युरियम हे तांबं शुद्ध करताना मिळणारं उपउत्पादन. मागणी वाढली म्हणून त्याच्या खाणी काढता येत नाहीत. हेटरोजंक्शनमधलं इंडियमही असंच दुसऱ्या धातूचं उपउत्पादन.

---

चौकस

आणि शिसं? पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं असं वाचलं होतं.

---

धातुकोश

असतं. पण थर अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचा, त्यामुळे चौरस मीटरमागे ग्रॅमभराहूनही कमी. साध्या सिलिकॉन पॅनेलमधल्या जोडणीच्या डाखातही शिसं असतं, आणि बऱ्याचदा यापेक्षा जास्त. फरक असा की पेरोव्हस्काइटमधलं शिसं पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात असतं. काच फुटली आणि पाऊस पडला तर ते लवकर बाहेर येऊ शकतं. म्हणून शिसं धरून ठेवणारे रेणू आवरणाच्या थरात मिसळायचं संशोधन चालू आहे. शिशाऐवजी कथील वापरणारे घट अजून बरेच मागे आहेत, कारण कथिलाचं ऑक्सिडीकरण पटकन होतं.

---

आरसेमहाल

सौरवीज म्हटलं की सगळे फोटोव्होल्टाइकवर, म्हणजे उजेडाची थेट वीज करणाऱ्या घटांवर जातात. सौरऔष्णिकाकडे बघायला कोणी नाही म्हणून हा प्रतिसाद.

आरशांनी ऊन एका मनोऱ्यावर एकवटायचं, तिथे सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं वितळलेलं मिश्रण तापवायचं, २९० अंशांवरून ५६५ पर्यंत. ते टाकीत साठवायचं आणि रात्री वाफ करून टर्बाइन फिरवायचं. कल्पना उत्तम. मोरोक्कोतल्या वार्झाझातच्या नूर प्रकल्पाचा आणि दुबईतल्या ७०० मेगावॅटच्या प्रकल्पाचा एकेक भाग असाच मनोऱ्याचा आहे. अमेरिकेतल्या क्रेसेंट ड्यून्सचं उदाहरण मात्र क्लेशदायक. ११० मेगावॅटचा मनोरा, पण गरम मिठाच्या टाकीला २०१६ मध्ये गळती लागली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद राहिला. पुढे वीज खरेदीचा करारच गेला. फोटोव्होल्टाइक आणि बॅटऱ्या तोवर इतक्या स्वस्त झाल्या की फक्त विजेसाठी आरसे लावणं परवडेना.

संशोधन थांबलेलं नाही, दिशा बदलली आहे. ६०० अंशांच्या जवळ हे मीठ विघटित व्हायला लागतं, म्हणून मिठाऐवजी वाळूसारखे सिरॅमिकचे कण मनोऱ्यावरून खाली सोडून ७०० अंशांच्या वर तापवायचे. अमेरिकेतल्या सॅंडिया प्रयोगशाळेत त्यावर मोठं काम चाललंय. वाफेऐवजी अतिक्रांतिक (प्रचंड दाबाखालच्या, द्रवासारख्या दाट) कार्बन डायऑक्साइडची टर्बाइनं. आणि विजेपेक्षाही सिमेंट, रसायनं अशा उद्योगांना थेट उष्णता पुरवणं. मला यातच त्याचं भवितव्य दिसतं. चीनमध्ये अजून मनोरे बांधले जाताहेत, मोठ्या फोटोव्होल्टाइक प्रकल्पांच्या जोडीला, रात्रीचा भार उचलायला.

---

रानवारा

मी वनस्पतिशास्त्राच्या बाजूने या विषयात आले. पॅनेलांखाली शेती हा विषय आता पर्यावरणशास्त्राच्या नियतकालिकांत जोरात आहे. कल्पना जुनी. जर्मनीत गोएट्सबर्गर आणि झास्ट्रो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती मांडली होती. पण पुढची जवळजवळ तीस वर्षं तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

मला सगळ्यात भावलेला अभ्यास २०१९ चा, अॅरिझोनातल्या वाळवंटी भागातला. पॅनेलांच्या सावलीत चिल्टेपिन या रानटी मिरचीचं उत्पादन उघड्या शेताच्या तिप्पट झालं, चेरी टोमॅटोचं दुप्पट. दुपारच्या प्रखर उन्हात रोपं आपली पर्णरंध्रं मिटून घेतात, सावलीत ती उघडी राहतात. उलट बाजूने, रोपांच्या बाष्पोत्सर्जनाने पॅनेलंही दिवसा सुमारे ९ अंशांनी थंड राहिली. सिलिकॉन दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावतं, त्यामुळे हा फायदा किरकोळ नाही. आणि इथल्या मुख्य विषयाशी जोडायचं तर थंड पॅनेल हळू झिजतं.

मात्र हे कोरड्या हवामानाचं पीक होतं. ढगाळ, थंड प्रदेशात सावली पिकाला नकोशी होते. एका ठिकाणचा निकाल उचलून जगभर लावणारे अहवाल वाचते तेव्हा काळजी वाटते.

तरंगत्या पॅनेलांवर २०२३ मध्ये एक जागतिक अभ्यास आला होता. १,१४,५५५ जलाशयांचा ३० टक्के पृष्ठभाग झाकला तर वर्षाला ९,४३४ टेरावॅट-तास वीज मिळू शकेल, असा अंदाज. पाण्याखालच्या जीवसृष्टीचं काय होईल, यावर दीर्घकाळ चाललेली निरीक्षणं मात्र फारच थोडी.

---

चौकस

प्रत्येक प्रतिसाद स्वतंत्र लेख होईल असा आहे. आणखी एक विचारतो. एवढे शोधनिबंध येतात तर आकडे खरे कशावरून?

---

प्रकाशवेध

चांगला प्रश्न. पेरोव्हस्काइटच्या सुरुवातीच्या वर्षांत हा गंभीर वाद होता. व्होल्टेज वाढवत नेलं तर एक कार्यक्षमता, उतरवत आणलं तर दुसरी. निळाई यांनी सांगितलेल्या सरकत्या आयनांचाच हा परिणाम. २०१४ च्या सुमाराला हे सविस्तर मांडलं गेलं, आणि त्यानंतर मोठ्या नियतकालिकांनी सौरघटांच्या निबंधासोबत मोजमापाचा तपशील भरून देणं बंधनकारक केलं.

विक्रमांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं: एनआरईएल, जर्मनीतली फ्राउनहोफर, जपानमधली एआयएसटी अशा मोजक्या. मार्टिन ग्रीन आणि सहकारी १९९३ पासून वर्षातून दोनदा प्रमाणित कार्यक्षमतांचे तक्ते प्रसिद्ध करतात. त्या तक्त्यांत मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो क्षेत्रफळाचा रकाना. एक चौरस सेंटिमीटरवरचा विक्रम आणि छपरावर बसेल एवढं पॅनेल यांत किती अंतर असतं बघा: ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने २०२४ मध्ये पहिली टँडेम पॅनेलं ग्राहकाला पाठवली, ती २४.५ टक्क्यांची होती. त्याच वर्षी प्रयोगशाळेतला विक्रम ३४.६ होता.

---

निळाई

यात भर. काही वर्षांपूर्वी जेस्पर जेकबसन यांच्या पुढाकाराने जगभरच्या निबंधांतून ४२,४०० हून अधिक पेरोव्हस्काइट घटांची माहिती एका खुल्या विदागारात गोळा झाली. कार्यक्षमतेचे रकाने भरलेले, टिकाऊपणाचे बरेचसे रिकामे. मूळ लेखाचा मुद्दा तिथे डोळ्यांना दिसतो.

यंत्रशिक्षणाचंही (मशीन लर्निंग) इथेच अडतं. २०२४ च्या अखेरीस जर्मनीतल्या गटांनी लाखो काल्पनिक रेणूंमधून संगणकाच्या मदतीने धनभारवाहक रेणू निवडले आणि थोडक्या प्रयोगांत २६.२ टक्क्यांचा घट केला. विलक्षण काम. पण ते जमलं कारण कार्यक्षमता काही मिनिटांत मोजता येते आणि यंत्राला लगेच उत्तर देता येतं. ‘हा रेणू दहा वर्षं टिकेल का’ याचं उत्तर द्यायला दहा वर्षं लागत असतील तर यंत्र शिकणार कशावरून? म्हणून झीज वेगाने घडवून आणणाऱ्या, तरीही खऱ्या झिजेशी इमानदार राहणाऱ्या चाचण्या शोधणं हेच मला सगळ्यात निकडीचं संशोधन वाटतं.

---

काचघर

निळाई, अगदी हेच. आणि त्यासाठी बाहेरच्या उन्हातली विदा हवी, नाहीतर वेग वाढवून नक्की कशाचा वेग वाढवला हे कळत नाही. टँडेमबद्दल बाहेरची काही निरीक्षणं आहेत का?

---

निळाई

आहेत, पण थोडी. सौदी अरेबियातल्या काऊस्ट विद्यापीठाच्या गटाने आवरणबंद टँडेम घट वर्षभर बाहेर ठेवले, उष्ण आणि दमट किनाऱ्यावर. २०२३ मध्ये निकाल आला: वर्षाअखेर सुरुवातीच्या कार्यक्षमतेच्या साधारण ८० टक्के शिल्लक. काही जण हे अपयश म्हणून सांगतात. मला तो निबंध विक्रमांच्या निबंधांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी घट खऱ्या उन्हात वर्षभर ठेवला आणि आलेला आकडा जसाच्या तसा छापला.

---

प्रकाशवेध

८० टक्के, एका वर्षात. मूळ लेखातल्या ३ टक्क्यांच्या गणिताला पोचायलाही अजून किती वाट आहे, हे यावरून कळतं. काचघर आणि निळाई, तुम्ही दोघांनी मिळून वेगवान चाचण्यांवर लेख लिहावा अशी विनंती. २०५० पर्यंत जगात ७.८ कोटी टन जुनी पॅनेलं साठू शकतील असा आयरेनाचा २०१६ चा अंदाज होता. पॅनेलं लवकर खराब झाली तर हा आकडा कितीने वाढेल, तेही त्यात यावं.

---

काचघर

माझ्याकडून नक्की. पॅनेल उलगडताना सगळ्यात जास्त त्रास देतो तो चिकटवणारा पॉलिमर, तिथून सुरुवात करतो.